पाचव्या खिळ्यावरचं बदक

हिकरी स्लू या बदकांच्या शिकारीच्या क्लबात बायकांना मज्जाव आहे असं कुणी म्हटलं की सभासदांना राग यायचा. मज्जाव कसला? बायका स्वयंपाकघरात हव्या तितका वेळ थांबू शकत होत्या. नेल्डा प्रुइट तिथे सत्तावीस हंगाम थांबली होती. पहाटे ती ताकातली मऊ बिस्किटं भट्टीत घालायची. आठ पुरुष ती खाऊन, गमबूट चढवून, होडीतून पाण्यात बुडालेल्या झाडीत निघून जायचे. उजाडताना बार ऐकू यायचे, आणि नऊच्या सुमारास तेच आठ जण आर्कान्सामधला सगळा चिखल घेऊन तिच्या पुसलेल्या फरशीवर यायचे. तिचा नवरा बर्ल त्यातलाच एक. आत आला की टोपी काढून नेमाने म्हणायचा, "नेल्डा, आज तू बघायला हवं होतंस." आणि मग कॉफी मागायचा.

सत्तावीस वर्षांत एकदाही "चल, दाखवतो" असं त्याच्या तोंडून निघालं नाही. बर्ल माणूस वाईट नव्हता. शिकारीच्या लपणात बाई बसली की बदकं खाली उतरत नाहीत असं त्याच्या आजोबांनी सांगून ठेवलं होतं, आणि ते खरं की खोटं हे बघायच्या फंदात तो कधी पडला नाही.

एप्रिलात बर्ल ट्रॅक्टरच्या शेडमध्ये छातीत कळ येऊन गेला. दफनाच्या वेळी क्लबाचा अध्यक्ष हॉयट रॅग्सडेल टोपी छातीशी धरून दोन मिनिटं डोळे पुसत उभा राहिला. तिसऱ्या मिनिटाला तो गाडीमागे जाऊन लिटल रॉकच्या एका दंतवैद्याला फोनवर सांगत होता की पाच नंबरची जागा मोकळी झाली.

जागा म्हणजे एक स्टूल. ओकच्या झाडीत, पाण्यावर खांब रोवून बांधलेलं लांबट लपण, वर वाळलेला पाला, आणि आत फळीला ठोकून बसवलेली आठ स्टुलं. त्या स्टुलांवर आकडे होते, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत तेच आकडे घातलेले आठ खिळे होते. ज्याने जे मारलं ते त्याने आपल्या खिळ्याला टांगायचं, म्हणजे ताटात कुणाचं बदक आलं यावरून भांडणं नकोत. अशा स्टुलासाठी तिकडची माणसं दहा दहा वर्षं ताटकळतात. दंतवैद्याने तर क्लबाच्या छपराला नवे पत्रे घालून देतो असं कबूल केलं होतं.

अडचण एकच होती. चुलीच्या वर ओकची एक फळी होती, आणि तिच्यावर १९५७ साली संस्थापकांनी तापल्या सळईने नियम डागून ठेवले होते. चौथा नियम असा: "सभासद मेल्यास जागा त्याच्या घरच्या माणसाची. मात्र त्या माणसाने हंगामाच्या पहिल्या सकाळी स्वतःच्या बंदुकीने एक तरी पक्षी पाडला पाहिजे. न पाडल्यास जागा क्लबाची." संस्थापकांच्या मनात अर्थातच मुलगे होते. पण सळई हातात घेतल्यावर त्यांनी 'माणूस' असंच डागलं, आणि ओकवर डागलेलं खोडता येत नाही. नेल्डा सत्तावीस वर्षं त्या फळीखाली उभी राहून रस्सा ढवळत होती. तो शब्द तिच्याइतका कुणीच वाचला नव्हता.

ऑगस्टच्या बैठकीत हॉयटने पाच नंबरचा विषय काढला, तेव्हा ती कॉफीचं भांडं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "घरचं माणूस मी आहे. मी पाडेन."

आधी कुणालाच कळेना, हसायचं की नाही. मग हॉयट हसला, आणि बाकीच्यांची सोय झाली.

"मिस नेल्डा," हॉयट म्हणाला. बाई साठीची झाली, विधवा झाली, तरी तिकडे तिला 'मिस' म्हणतात. त्यात आदर असतो आणि तो फुकट पडतो. "मिस नेल्डा, तुम्ही लपणात येऊन बसलात तर आम्हाला बिस्किटं कोण देणार?"

"जे स्टूल दंतवैद्याला देणार होतात, ते त्याला नाही मिळालं तर तो रिकामाच असेल की," नेल्डा म्हणाली. "द्या त्याला पीठ मळायला."

सात नंबरचा म्हातारा यूस्टस खुसखुसला. एक्याऐंशी वर्षांचा, क्लबात सगळ्यांत जुना, बोलायला सगळ्यांत कमी. हॉयटने त्याच्याकडे रागाने बघितलं, पण नियम तो नियम. "ठीक आहे," तो म्हणाला, "पण बंदूक स्वतःची हवी हं. उसनी चालणार नाही."

हे त्याने मुद्दामच म्हटलं होतं. बर्लची बंदूक मुलगा आठवण म्हणून डॅलसला घेऊन गेला होता आणि महिन्याभरात त्याने ती विकून टाकली होती. त्याला बदक खायलासुद्धा आवडत नाही.

त्या दिवसापासून नेल्डाला पहिली बंदूक कुठली घ्यावी यावर सल्ले सुरू झाले. बर्ल गेल्यावर जेवणाची भांडी घेऊन जितके लोक आले नसतील, तितके आता सल्ले घेऊन आले. तीन नंबरचा लेलँड एका रविवारी ओसरीवर येऊन बसला आणि रानहंसांसाठी दहा बोअरशिवाय, म्हणजे सगळ्यांत रुंद नळीशिवाय, दुसरं काही म्हणजे निव्वळ पोरखेळ, असं दीड तास सांगत राहिला. नेल्डाने त्याला ॲपल पाय खाऊ घातला. तो संपल्यावर कळलं की लेलँडकडे त्याच्या चुलत्याची जुनी दुनळी पडून आहे आणि ती तो तिला घरच्या भावात द्यायला तयार आहे.

"तिच्यातून पोलादी छर्रे चालतात?" नेल्डाने विचारलं.

लेलँडने टोपी डोक्यावर जरा मागे सारली. "चालतात म्हणजे... एखाद वेळी नळी फुगते."

"आणि मग?"

"मग पुढच्या वेळी नाही चालत."

हॉयटने मात्र अगदी आपुलकीने सल्ला दिला. बारा बोअर, साडेतीन इंचाचं काडतूस, सगळ्यांत मोठं. "बाईमाणसाचा नेम कच्चा असतो, मिस नेल्डा. छर्रे जास्त असले की एखादा तरी लागतो." ती बंदूक तिच्या खांद्यावर काय करील हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पहिल्या दोन बारांत खांदा सुजला की तिसऱ्याला बाई डोळे मिटून घेते, आणि मिटल्या डोळ्यांनी कुणी बदक पाडत नाही. सल्ला असा द्यावा की घेणाऱ्याने वर आभारही मानावेत, यात हॉयटचा हात धरणारा कुणी नव्हता.

नेल्डाने आभार मानले आणि मोरीवरच्या आपल्या पाटाकडे गेली. कारण बंदुकांबद्दल तिला जे ठाऊक होतं ते तिथे ठाऊक झालं होतं. सत्तावीस हंगाम आठही खिळ्यांवरची बदकं तिने सोलली होती. माणूस ओसरीवर काहीही सांगो, सोललेलं बदक खोटं बोलत नाही. लेलँडच्या दहा बोअरचे रानहंस यायचे ते मागून चाळणी झालेले, तंगडी मोडलेली, म्हणजे पक्षी लांब पळून जाताना मारलेला. त्यांचं कालवणच करावं लागायचं. सात नंबरच्या खिळ्यावरची बदकं मात्र मानेत तीनचार छर्रे आणि बाकी अंग अख्खं, अशी यायची. ती म्हाताऱ्या यूस्टसची. त्याच्याकडे एक जुनी वीस बोअर होती, बारीक नळीची, आणि तिला सगळे खेळणं म्हणायचे.

खाणाऱ्याच्या दाताखाली छर्रा येऊ नये म्हणून ती एक चुंबक वापरायची. मोडक्या रेडिओतला, गोल, बर्लने काढून दिलेला. सोललेल्या बदकावरून तो फिरवला की कातडीखालचे पोलादी छर्रे टुणकन उडून त्याला चिकटायचे. बाकी सगळ्या खिळ्यांवरचे उडायचे. एक नंबरच्या खिळ्यावरचे उडत नसत. ते तिला सुरीच्या टोकाने उकरून काढावे लागत, आणि ती ते मोहरीच्या एका रिकाम्या बरणीत टाकत असे. एक नंबरचा खिळा अध्यक्षांचा. एकदा तिने बर्लला विचारलं होतं, हे असं का. बर्लने बरणीकडे बघितलं आणि म्हणाला, "झाकण लाव आणि गप्प बस." ती गप्प बसली. बरणी आता गळ्यापर्यंत भरली होती.

सप्टेंबरात ती यूस्टसकडे गेली. तो अंगणात अक्रोडासारखे पेकन निवडत बसला होता.

"मिस्टर यूस्टस, मला बंदूक घ्यायचीय."

"कळलं मला, पोरी. सगळ्यांनी सांगितलं असेल कुठली घ्यायची ते."

"सगळ्यांनी. तुम्ही सोडून."

"मला कुणी विचारलं नाही." त्याने एक पेकन फोडला, अर्धा तिला दिला. "बर्लचा शिकारीचा जाड कोट घालून दुकानात जा. उकडलं तरी काढू नकोस, थंडीत तो अंगावर असणारच आहे. डोळे मिट, बंदूक खांद्याला लाव, डोळे उघड. जिथे तू बघतेस तिथेच ती बघत असली तर ती तुझी. मान वाकडी करावी लागली, हात ताणावा लागला, तर ठेवून दे, फुकट दिली तरी."

"आणि काडतूस?"

"बदकाला तीन नंबर. रानहंसाला एक नंबर. आकडा लहान तितका छर्रा मोठा, तेवढं ध्यानात ठेव, लेलँड अजून विसरतो. आणि पक्षी फार लांब असला तर कुठलंच काडतूस नको. त्याला घरी जाऊ दे."

सप्टेंबरच्या उकाड्यात बर्लचा अस्तराचा कोट घालून नेल्डा बंदुकांच्या दुकानात शिरली. दुकानदार रँडल फोनवर बोलत होता. त्याने आधी कोटाकडे बघितलं, मग बाहेरच्या उन्हाकडे.

"या मॅडम. नवऱ्यासाठी बघताय?"

"नवरा वारला."

"अरेरे. मग मुलासाठी?"

"मुलाला बदक आवडत नाही."

"मग कुणासाठी?"

"तुम्हाला इथे अजून कुणी दिसतंय का?"

रँडल आत गेला आणि गुलाबी दस्त्याची बंदूक घेऊन आला. नेल्डाने ती नीट न्याहाळली. "बदकांना गुलाबी आवडतो का?" तिने विचारलं. रँडल ती गुपचूप परत ठेवून आला आणि एक लांबलचक धूड काउंटरवर ठेवलं. नळीपासून दस्त्यापर्यंत त्याच्यावर दलदल छापली होती, पानं, लव्हाळी, सगळं काही.

"ही तुमचीच आहे. हॉयटसाहेबांचा फोन आला होता, मिस नेल्डा येतील, त्यांच्यासाठी ही बाजूला काढून ठेवा म्हणाले. साडेतीन इंची. हिच्यापुढे काही टिकत नाही."

"मी टिकेन का?"

 नेल्डाने डोळे मिटून ते धूड उचललं. डोळे उघडले तेव्हा नळी रँडलच्या बुटांकडे बघत होती, आणि रँडलने बूट मागे घेतले होते.

त्यानंतर तिने एकामागून एक नऊ बंदुका उचलल्या. घाम कोटाच्या आतून पाठीवर ओघळत होता, पण कोट काढला नाही. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं हातातलं सोडून बघत उभी राहिली. दहावी वीस बोअरची होती, हलकी, काळी, मागच्या हंगामात कुणीतरी वापरून परत आणलेली, आणि दस्ता आखूड केलेला. तिने डोळे मिटले, उचलली, डोळे उघडले. भिंतीवर पेंढा भरलेला रानहंस होता. बंदूक बरोबर त्याच्या काचेच्या डोळ्यात बघत होती.

"ही," ती म्हणाली.

"मॅडम, वीस बोअर म्हणजे जरा..."

"खेळणं. ठाऊक आहे. आता काडतुसं दाखवा."

रँडलने दोन खोकी मांडली. एकात पोलाद, एकात बिस्मथ नावाचा धातू. बिस्मथ जड, लांब जातं, अंगात खोल शिरतं, असं त्याचं पालुपद सुरू झालं. नेल्डाने कोटाच्या खिशातून चुंबक काढून काउंटरवर ठेवला.

"एकेक कापून दाखवा."

"काडतूस कापू?"

"कापलेल्याचे पैसे लावा मला."

दोन्ही काडतुसांतले छर्रे काउंटरवर पसरले. चुंबक फिरवला. पोलादी उडून चिकटले, बिस्मथचे ढिम्म हलले नाहीत. मग तिने खिशातून कागदाची पुडी सोडली आणि बरणीतले दोन छर्रे रँडलपुढे ठेवले. "आणि हे? हेही उडत नाहीत. हे बिस्मथ का?"

रँडलने एक छर्रा पक्कडीत धरून दाबला. तो चपटा झाला. "बिस्मथ असता तर भुगा झाला असता. हे शिसं आहे, मॅडम." त्याचा आवाज खाली आला. "तळ्यावर शिशाला बंदी येऊन तीस वर्षं झाली. पाण्यात पडलेलं शिसं बदकं खडे समजून गिळतात आणि झुरून मरतात. हे घेऊन जाऊ नका तिकडे, शिकारीवर नजर ठेवणारा सरकारी वॉर्डन परवाना काढून घेईल. कुठून आणलंत?"

"खाण्यात आलं," नेल्डा म्हणाली. तिने चपटा छर्रा पुडीत परत बांधला. दर हंगामाच्या पहिल्या सकाळी हॉयट बूट वाजवत सगळ्यांना दम भरायचा, शिसं नाही, बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं नाहीत, हा कायद्याने चालणारा क्लब आहे. आणि त्याच्या बापाने गॅरेजात साठवलेली शिशाची खोकी अजून संपायची होती. नेल्डाला संताप आला. तितकाच स्वतःचाही आला, कारण झाकण तर तिनेच लावलं होतं. "पोलादी द्या," ती म्हणाली. "तीन नंबरची चार खोकी, एक नंबरचं एक. मला माझे छर्रे ओळखता यायला हवेत."

पुढचे दोन महिने ती यूस्टसच्या कापलेल्या भातशेतात हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर बार काढत होती. पहिल्या आठवड्यात तबकड्या अख्ख्याच खाली यायच्या. नोव्हेंबरापर्यंत दहातल्या सहा फुटायला लागल्या. यूस्टस खुर्ची टाकून बसायचा आणि तिने सोडलेल्या चार मोजायचा.

हंगामाची पहिली सकाळ थंड आणि कोरडी होती. बिस्किटं तिने पहाटेच भाजून फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा दिवा घेऊन होडीत बसली. दंतवैद्य पाहुणा म्हणून आला होता. लपणात शिरल्यावर दिसलं, पाच नंबरच्या स्टुलावर त्याने आधीच एक जाडजूड गादी आणून बांधली होती.

"तुमची आहे?" नेल्डाने विचारलं.

"हो. म्हणजे... कंबरेचा त्रास आहे मला."

"छान आहे," नेल्डा म्हणाली आणि तिच्यावर बसली. दंतवैद्य खोक्यावर बसला.

मग उजाडायला लागलं. राखाडी पाण्यात ओकचे बुंधे एकेक करून दिसू लागले. हॉयटने बदकाच्या आवाजाची शिट्टी वाजवली, आणि काय म्हणायचं ते म्हणा, शिट्टी त्याला वाजवता यायची. वर आभाळात बदकांचा थवा वळला. पुन्हा वळला. मग ती बदकं पंख आवरून फांद्यांमधून खाली यायला लागली, वीस, तीस, डुलत, केशरी पाय पुढे काढून, हिरव्या डोक्यांचे नर उन्हाच्या पहिल्या तिरिपेत चमकत होते, आणि पंखांचा आवाज तिच्या अगदी कानाशी होता. बर्ल दर सकाळी हे बघून घरी यायचा आणि कॉफी मागायचा.  हे तिच्यापासून सत्तावीस वर्षं लपवून ठेवलं होतं, जेमतेम अर्ध्या मैलावर.

"मिस नेल्डा, पहिला तुमचा!" हॉयट ओरडला.

ती दचकली. बंदूक खांद्याला गेली, नजर एका नरावर गेली, बार निघाला. त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा बार निघाला, मोठा, एक नंबरच्या स्टुलावरून. नर गिरकी घेऊन पाण्यात पडला. हॉयटच्या कुत्र्याने पोहत जाऊन तो आणला आणि हॉयटच्या पायाशी ठेवला. कुत्र्याला नियम माहीत नव्हते.

"वाईट वाटतं," हॉयट बदक उचलत म्हणाला. "मी आपला मदत म्हणून मागून बार काढला होता. पण पडलं ते माझ्याच बाराने. सगळ्यांनी बघितलं."

सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. लेलँडही. यूस्टस तेवढा म्हणाला, "मी नाही बघितलं. मी बदकाकडे बघत होतो."

"सकाळ अजून आहे की," नेल्डा म्हणाली. पण सकाळ तिच्यासाठी संपली होती. त्यानंतर हॉयटने शिट्टी अशी काही वाजवली की बदकं पलीकडच्या जिल्ह्यातून वळसा घालून गेली. आठ वाजता त्याने जाहीर केलं की आज पक्षी फिरकत नाहीत, परत जाऊ या.  होडीत नेल्डा बंदूक मांडीवर आडवी धरून बसली होती, आणि मनातल्या मनात तो बार पुन्हा पुन्हा काढून बघत होती. लागला होता का? तिला खरंच सांगता येत नव्हतं. बघण्यातच तिचा अर्धा जीव गेला होता.

क्लबात नवा वॉर्डन आधीच येऊन बसला होता. जुना निवृत्त झाला होता, तो हॉयटच्या मेहुण्याचा मित्र. हा दक्षिणेकडच्या जिल्ह्यातून बदलून आलेला, कुणाचाच कुणी नव्हता. पहिल्या सकाळी वॉर्डनला न्याहारी द्यायची हा रिवाज. हॉयटने बदक एक नंबरच्या खिळ्याला टांगलं, हात धुतले, आणि टेबलाच्या टोकाला बसून दंतवैद्याच्या पाठीवर थाप मारली. नेल्डाने बिस्किटं मांडली, रस्सा वाढला. मग ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाट, सुरी, चुंबक आणि पक्कड होती. ते सगळं तिने टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"हॉयट, बदक तुमचं असेल तर तुमचंच," ती म्हणाली. "मला फुकटची जागा नको. आत्ता इथेच सोलते, काय ते सगळ्यांसमोर होऊ दे. माझ्या काडतुसात पोलाद आहे. चुंबक फिरवला आणि छर्रे उडाले तर..." ती थांबली. "पण तुमचेही उडत असतील, नाही का? मग कसं ओळखायचं? तुम्ही कुठले वापरता हो?"

हॉयटच्या हातातलं बिस्किट रस्स्यात पडलं.

"बिस्मथ असेल तर तसं सांगा," नेल्डा गोडीने म्हणाली. "म्हणजे पक्कडीत धरून बघू, भुगा होतो की..."

टेबलाशी आता एकटा यूस्टसच चावत होता. वॉर्डनने मान वर केली. त्याने पक्कडीकडे बघितलं, मग नेल्डाकडे, मग हॉयटकडे, आणि हॉयटकडे जरा जास्त वेळ बघितलं.

हॉयट उठला. भिंतीपाशी गेला, एक नंबरच्या खिळ्यावरून बदक काढलं आणि पाच नंबरच्या खिळ्याला अडकवलं. "आता आठवतंय," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "माझा बार जरा मागे गेला होता. बदक मिस नेल्डाचं."

"नक्की?"

"नक्की."

"तरी सोलून बघू की," वॉर्डन म्हणाला. "मजा येईल."

"आधी खाऊन घ्या, साहेब," नेल्डाने त्याच्या बिस्किटावर रस्सा ओतला, पार ताटाच्या काठापर्यंत. "रस्सा गार झाला की त्याचा चिकट गोळा होतो." पाट, सुरी, चुंबक आणि पक्कड तिने उचलून आत नेली. दंतवैद्याने घड्याळ बघितलं आणि लिटल रॉक लांब आहे असं कुणाला तरी सांगितलं. गादी तो न्यायला विसरला. नेल्डाने आठवण केली नाही.

सगळे पांगल्यावर हॉयट मोरीपाशी आला. इतक्या वर्षांत तो या बाजूला पहिल्यांदाच आला होता.  नेल्डाने मोहरीची भरलेली बरणी त्याच्यासमोर ठेवली. तो बघत राहिला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुमच्या गॅरेजातली खोकी आजच्या आज ठाण्यावर जाऊ देत. वडिलांची सापडली म्हणून सांगा, ते काही उठून सांगायला येत नाहीत," ती म्हणाली. "उद्यापासून एक नंबरच्या खिळ्यावरचे छर्रे उडायला हवेत. मीच सोलणार आहे."

"हो, मिस नेल्डा," हॉयट म्हणाला. या वेळचं 'मिस' त्याला फुकट पडलं नव्हतं.

तो गेल्यावर तिने दार लावलं, पाच नंबरच्या खिळ्यावरून बदक काढलं आणि पाटावर घेतलं. पिसं उपटली. चुंबक मानेवरून फिरवला. छातीवरून फिरवला. उलटं करून पाठीवरून फिरवला. काहीच उडालं नाही. तिने सुरीच्या टोकाने एक छर्रा उकरला, पक्कडीत धरून दाबला. तो चपटा झाला. आणखी दोन उकरले. तिन्ही चपटे झाले.

हॉयट रॅग्सडेल आयुष्यात एकदा तिच्यासमोर खरं बोलला होता, आणि ते त्याला परत घ्यावं लागलं होतं. नेल्डाला हसू आवरेना. ती पाटाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हरकत नव्हती. उद्याची सकाळ होती, परवाची होती, आणि स्टूल कुठे जात नव्हतं. सत्तावीस वर्षं त्याची बदकं तिने सोलली होती. हे एक तिने स्वतःकडे ठेवून घेतलं. तिन्ही छर्रे बरणीत टाकले, बदक मिठाच्या पाण्यात सोडलं.

दाराच्या मागे बर्लचा कोट लटकत होता, बाहीवर चिखल वाळलेला.

"बर्ल," ती म्हणाली, "आज तू बघायला हवं होतंस." आणि तिने स्वतःसाठी कॉफी ओतून घेतली.